संकेतस्थळ बाळबोध असावे

न्यासाच्या हीरक महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत गतकाळाच्या आठवणी पुष्कळ येतील, आणि त्या यावयासच हव्यात. आम्ही मात्र काहीशा रुक्ष वाटणाऱ्या एका विषयाकडे सभासद बंधुभगिनींचे लक्ष वेधू इच्छितो. तो विषय म्हणजे आपल्या न्यासाचे संकेतस्थळ. ते सुंदर दिसावे असे सर्वांसच वाटते. परंतु ते वाचता येते काय, आणि त्यावरून आपले काम होते काय, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा होय.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाले आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथील कचेऱ्यांबरोबर अनेक मराठी कुटुंबे येथे आली. त्या पिढीत सूचना फळ्यावर खडूने लिहिली जाई. लिहिणारा अक्षर मोठे काढी, तारीख ठळक करी. कारण फळ्यापुढे उभे राहून वाचणारा माणूस त्याच्या डोळ्यांसमोर असे. संकेतस्थळ तयार करणाऱ्यास वाचक दिसत नाही. साऱ्या अडचणींचे मूळ येथे आहे.

आमच्या हातून घडलेली एक चूक येथे कबूल केली पाहिजे. मागे एका वर्षी शिष्यवृत्तीची सूचना आम्ही छापील पत्राचे छायाचित्र काढून संकेतस्थळावर लावली, आणि अर्जाची अखेरची तारीख पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरांत सरकती ठेवली. आम्हांस ती मोठी झोकदार वाटली. मुदत संपल्यावर तिसऱ्या दिवशी एका विद्यार्थ्याची आई कार्यालयात आली. मोबाइलवर ते पत्र नखाएवढे दिसत होते, आणि पट्टी वाचून होण्याआधीच पुढे सरकत होती. तिचा अर्ज आम्ही घेतला. परंतु जे आलेच नाहीत, त्यांची संख्या आम्हांस कधीच कळणार नाही. साहाय्य देण्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेस ही गोष्ट लागून राहावी अशीच आहे.

मराठीत छापील देवनागरीस आपण ‘बाळबोध’ म्हणतो, म्हणजे बाळासही बोध व्हावा अशी. दफ्तरातील मोडी भराभर लिहिण्यास सोयीची होती, पण ती वाचण्यास सरावलेली नजर लागे. मोडीत लिहिणाऱ्याची सोय होती, तर बाळबोधीत वाचणाऱ्याची. १८६९ साली जावजी दादाजी यांनी मुंबईत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याची कीर्ती झाली ती त्याच्या सुबक, स्वच्छ टाइपामुळेच. संकेतस्थळाचेही तेच आहे. ते मोडी नव्हे, बाळबोध असावे.

आता हे साधावे कसे, ते पाहू. पहिली गोष्ट, मजकूर मजकूर म्हणूनच द्यावा, चित्र म्हणून नव्हे. चित्रातील शब्द शोधता येत नाहीत, मोठे केले तर पडद्याबाहेर जातात, आणि अंधांना पडदा वाचून दाखविणाऱ्या साधनांस ते सहसा नीट उमगत नाहीत. जुन्या मराठी फाँटांतही असाच दोष होता. तेथे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसविलेले असत. तो फाँट वाचकाजवळ नसला की पानावर अर्थहीन इंग्रजी अक्षरे उमटत. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासूनच देवनागरीस स्वतःचे स्थान मिळाले, आणि ती अडचण हळूहळू दूर झाली. पानाची भाषा मराठी आहे, अशी नोंदही आतल्या संकेतांत अवश्य करावी. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी आहेत. फाँटात सोय असेल तर या नोंदीमुळे ती योग्य उमटतात, आणि वाचून दाखविणारे साधनही मराठी उच्चार निवडू शकते. हिंदी प्रांतात राहणाऱ्या आपणांस याचे महत्त्व सांगावयास नको.

दुसरी गोष्ट, अक्षर व रंग. देवनागरीत मात्रा शिरोरेषेवर आणि उकार खाली असतात, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा अधिक अंतर लागते. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण निदान ४.५ : १ असावे, असा जागतिक संकेत आहे. पांढऱ्यावर काळे अक्षर २१ : १ भरते, आमचे पिवळ्यावरचे लाल अवघे ३.७ च्या आसपास होते!

तिसरी गोष्ट, क्रम. पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे आणि संस्थेचा इतिहास आपणांस प्रिय असला, तरी वाचक येतो तो अर्ज, तारीख, पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक यांसाठी. ते सर्वांत वर असावे. ‘येथे टिचकी मारा’ असे न लिहिता ‘शिष्यवृत्तीचा अर्ज’ असे स्पष्ट लिहावे. अर्जात गरजेपुरतेच विचारावे, अंक देवनागरी असोत वा इंग्रजी, दोन्ही स्वीकारावेत, आणि चूक झाल्यास ती कोठे झाली ते साध्या मराठीत सांगावे. भरलेला सारा मजकूर पुसून टाकू नये.

हा केवळ सौजन्याचा प्रश्न उरलेला नाही. बँकेच्या ओळख-पडताळणीत डोळे मिचकाविण्याची अट पुरी करता न आलेल्या ॲसिडहल्ला-पीडितांचे आणि दृष्टिहीनांचे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला.

परीक्षा कशी घ्यावी? घरातील आजी-आजोबांच्या हाती मोबाइल द्यावा, “शिष्यवृत्तीची अखेरची तारीख शोधा,” असे सांगावे आणि आपण गप्प बसावे. या विषयाचे जाणकार याकोब नील्सेन यांनी २००० साली लिहून ठेवले की, अशी पाच माणसे बसविली तरी बहुतेक दोष उघडकीस येतात. पाच माणसे तर आपल्या एकेका वाड्यात, एकेका कॉलनीत सहज मिळतील. सभासदांनी प्रत्येकी अर्धा तास द्यावा आणि जेथे बोट अडखळले ते कार्यालयास कळवावे. महोत्सवाच्या वर्षी न्यासास देण्याजोगी ही देणगी लहान नाही, असे आम्हांस मनापासून वाटते.