तांबड्या भोपळ्याची मसालेदार बीअर

बंगळूर शहरातून जुन्या मद्रास रस्त्याने पूर्वेकडे निघाले, की कृष्णराजपुरमची वर्दळ ओसरल्यावर पंचवीसेक किलोमीटरांवर जे तालुक्याचे गाव लागते, ते होसकोटे मराठी वाचकाला परके वाटण्याचे वास्तविक कारण नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सुगटूरच्या तम्मे गौडाने वसवलेले हे ठाणे, १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी हा मुलूख जिंकल्यावर, बंगळूर, कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि शिरे यांच्याबरोबर शहाजीराजांच्या जहागिरीत सामील झाले. आणि पुढे १७६८ च्या ऑगस्ट महिन्यात, २२ आणि २३ या तारखांमधल्या रात्री, गुत्तीकर मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर हैदर अलीने जो छापा घातला आणि मुराररावांच्या लोकांनी जो परतवून लावला, तोही याच गावाच्या परिसरात. आज गावाचा लौकिक दक्षिण पिनाकिनीच्या पाण्याने भरणाऱ्या विस्तीर्ण तलावासाठी, व्होल्वोच्या बसगाड्यांच्या कारखान्यासाठी आणि रविवारी पहाटे दम बिर्याणीसाठी लागणाऱ्या रांगांसाठी आहे. त्या लौकिकात अलीकडच्या काळात बीअरची भर पडली आहे. बंगळूरच्या अंतर्भागातील महागड्या जागेपेक्षा या रस्त्याला लागून मोठ्या टाक्या बसवणे सोयीचे, म्हणून गाइस्टसारख्या बीअर करणाऱ्या मंडळींनी आपले कारखाने इकडे उभारले आणि त्यांच्याच आवारात, झाडांच्या सावलीत, बसून पिण्याची व्यवस्था केली.

याच भागातील एका लहानशा बीअरगृहात तांबड्या भोपळ्याची मसालेदार बीअर चाखण्याचा योग मला आला. ती मला का आवडली हे सांगण्यापूर्वी, बीअरमध्ये भोपळा मुळात गेला कसा हे सांगणे आवश्यक आहे. कारण ते समजल्यावाचून या पेयाची परीक्षा नीट करता येत नाही.

तांबडा भोपळा हे मूळचे अमेरिका खंडातील फळ. सतराव्या शतकात युरोपातून तेथे जाऊन वसाहत करणाऱ्यांना बीअर हवी होती. पण बीअरचा प्राण जो माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेला सातू, तो समुद्रापलीकडून मागवणे अतिशय महाग पडे, आणि दाराशी भोपळे मात्र हवे तितके पिकत. तेव्हा साखरेचा अंश ज्यात सापडेल ते आंबवावे, या न्यायाने त्यांनी भोपळा हाती घेतला. अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीने १७७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका कृतीत भोपळे कुटून, सफरचंदाप्रमाणे दाबून त्यांचा रस काढावा, तो उकळून त्यावरील मळी काढावी आणि कडवटपणा देणारे हॉप्स घालून माल्टच्या बीअरप्रमाणेच आंबवावा, असे सांगितले आहे. त्या कृतीत सातू नाही आणि मसालाही नाही. ही टंचाईची बीअर होती. सातू सर्वत्र पिकू लागला, तशी ती नाहीशी झाली.

तिचे पुनरुज्जीवन झाले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तेही एका छायाचित्रकाराच्या हातून. ‘सबर्बिया’ या १९७३ च्या छायाचित्रसंग्रहामुळे नावाजलेले बिल ओवेन्स यांनी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील हेवर्ड येथे बफेलो बिल्स नावाचे बीअरगृह उघडले. जॉर्ज वॉशिंग्टनच्या काळी भोपळवर्गीय फळे बीअरमध्ये घालीत, हे त्यांच्या वाचनात आले होते. म्हणून त्यांनी स्वतः पिकवलेला एक भलामोठा भोपळा भाजून सातूबरोबर शिजवला, बीअर केली, आणि चाखून पाहतात तो भोपळ्याची चव मुळीच नाही! तेव्हा त्यांनी दुकानातून दालचिनी, जायफळ, लवंग, सुंठ असा तिकडच्या भोपळ्याच्या गोड पक्वान्नात पडणारा मसाला आणला, त्याचा काढा केला आणि तो बीअरमध्ये ओतला. आज अमेरिकेत दर शरद ऋतूत भोपळ्याची म्हणून जी बीअर विकली जाते, तिचा वंश या काढ्यापासून सुरू होतो. माझे स्पष्ट मत असे, की त्यातील बहुतेक बीअर ही दालचिनीची असते आणि भोपळा केवळ बाटलीवरील चित्रात असतो.

यात बीअर करणाऱ्यांचा सगळाच दोष नाही. भोपळ्यात सुमारे नव्वद टक्के पाणी; उरलेल्यात जी साखर आणि जे पिष्ट, त्याचेही सातूतील विकरांच्या साहाय्याने साखरेत रूपांतर होते, आणि ती साखर यीस्ट खाऊन टाकते. ज्या गोडव्यावरून आपण भोपळा ओळखतो, तोच नेमका आंबवण्यात नाहीसा होतो. मागे राहतो तो थोडासा रंग, जिभेवर जाणवणारा किंचित दाटपणा, आणि मातीच्या वासाशी नाते सांगणारी एक मंद चव, जी मसाल्याच्या पहिल्या लाटेखाली सहज बुडून जाते. म्हणून भोपळा जाणवावा अशी ज्याची इच्छा, त्याने दोन गोष्टी केल्या पाहिजेत: भोपळा चांगला भाजला पाहिजे, आणि मसाल्याचा हात आवरला पाहिजे.

होसकोट्याच्या त्या बीअरगृहात या दोन्ही गोष्टी केल्या होत्या. बीअर करणारा तरुण मूळचा बेळगावकडचा. माझे मराठी कानावर पडताच तो स्वतःहून टेबलापाशी आला आणि मला टाक्यांकडे घेऊन गेला. भोपळ्याच्या फोडी कडा तपकिरी होईतो भट्टीत भाजायच्या, म्हणजे साखर करपण्याच्या सीमेवर येऊन तिला यीस्टला न पचणारा असा एक खमंगपणा येतो. मग त्या कुस्करून सातूच्या भरडीबरोबर ६५ ते ६७ अंश उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेवायच्या. येथे एक अडचण उभी राहते. भोपळ्याचा गर चिकट असल्यामुळे भरडीचा थर लुकणासारखा बसतो आणि गोड अर्क खाली उतरतच नाही. त्यावर उपाय म्हणून त्यात भाताचे तूस मिसळतात, म्हणजे अर्काला वाट मिळते. तेथील पोत्यात हात घालून ते तूस मी पाहिले. खळ्यावर वाऱ्याने उडून जाणारे जे तूस कोकणात कोणी जपून ठेवीत नाही, तेच येथे चाळून, धुऊन, तोलून वापरतात. पुढे हॉप्स घालून अर्काला तासभर उकळी, शेवटची पाच मिनिटे मसाला, मग थंड करून यीस्ट, आणि दोन-तीन आठवड्यांची प्रतीक्षा.

मसाला कोणता, हे मी चव घेण्यापूर्वी विचारले नाही, आणि वाचकांनाही माझा तोच सल्ला आहे. कारण नाव आधी कळले, की जीभ ते शोधू लागते आणि न सापडले तरी सापडल्याचे मानून घेते. बीअर फार गार असू नये, दहा-बारा अंशांवर असावी. त्याखाली सुगंध द्रवातून वर येत नाही. पेला अर्धाच भरावा, एकदा फिरवावा, आणि प्यायच्या आधी हुंगावे, कारण ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग नाकाचाच असतो. पेल्यातील रंग जुन्या तांब्याच्या भांड्याचा होता. फेस बदामी, बारीक आणि टिकाऊ. पहिला वास भाजलेल्या सातूचा, त्यामागून जायफळाचा, आणि त्याही मागून एक असा वास, जो मला तत्काळ ओळखीचा वाटला, पण ज्याचे नाव जिभेवर येईना: जळक्या साखरेसारखा, काहीसा काकवीसारखा, तरीही दोहोंपासून भिन्न. पहिल्या घोटात गोडवा अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी. मध्ये सुंठीची सौम्य उष्णता. आणि घोट गिळल्यावर, हॉप्सच्या कडवटपणाच्या जोडीने, आणखी एक निराळा कडवटपणा, जो जिभेच्या मागच्या बाजूस बराच वेळ रेंगाळतो. दुसऱ्या घोटाला भोपळा सापडला. तो गरासारखा दाट, किंचित मातकट, आणि भाजल्याच्या खुणेसह.

तो ओळखीचा वास मेथीचा होता.

“काका, आजीच्या भोपळ्याच्या भाजीत फोडणीला मेथी असायचीच,” तो तरुण म्हणाला. “गोडाला कडू नको का? मग हॉप्स तरी दुसरं काय करतात?”

हे वाक्य मला या संपूर्ण विषयाची किल्ली वाटते. बीअरमध्ये हॉप्स घालतात ते प्रामुख्याने माल्टच्या गोडव्याला कडवटपणाचा तोल देण्यासाठी, शिवाय टिकाऊपणासाठी. आणि आपल्या स्वयंपाकघरात, तांबडा भोपळा मुळात गोडसर म्हणून, तेलात मोहरीबरोबर मेथीचे दाणे तांबूस होईतो तळून मग फोडी टाकण्याची जी रीत घरोघर चालत आली, तिच्यामागेही हाच विचार आहे. हॉप्सचे वेल ज्यांनी कधी पाहिले नाहीत, त्या गृहिणींनी गोड फळाला कडू बीज जोडण्याचा सिद्धान्त केवळ जिभेच्या अनुभवाने सिद्ध केला होता. शिवाय मेथीच्या सुगंधाचा आधार असलेले सोटोलोन नावाचे द्रव्य हे अत्यल्प प्रमाणातही नाकाला जाणवणारे असते, आणि त्याचा वास काकवी व भाजलेली साखर यांच्या जवळचा आहे; म्हणजे यीस्टने भोपळ्याची खरी साखर खाऊन टाकल्यावरही, तिच्या गोडव्याची आठवण करून देणारा वास मेथी परत आणून देते, आणि तोही प्रत्यक्ष गोडी न वाढवता. मूठभर दालचिनीने जे साधत नाही, ते भाजलेल्या थोड्याशा दाण्यांनी साधते. प्रमाण चुकले तर मात्र बीअरचा काढा होतो, हेही त्या तरुणाने प्रांजळपणे सांगितले.

मसाल्याने बीअर भ्रष्ट होते असे मानणारा एक कर्मठ पक्ष आहे, आणि तो बव्हेरियाच्या १५१६ च्या फर्मानाचा आधार देतो, ज्यात बीअरमध्ये सातू, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही असू नये असे ठरवून दिले होते. परंतु हॉप्सचा सर्वत्र प्रसार होण्यापूर्वी युरोपात शतकानुशतके रानटी वनस्पतींच्या मिश्रणाने बीअरला चव देत असत. मसाल्याची बीअर ही धाकटी नव्हे, थोरली बहीण आहे. आपल्याकडची साक्ष तर याहूनही जुनी. म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती आलेले आणि त्यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेले कौटिल्याचे अर्थशास्त्र पाहावे: त्यातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात, ज्याला आपल्या अबकारी कायद्यांचा पूर्वज म्हणता येईल, मैरेय नावाच्या पेयाची कृती आहे, आणि तीत मेषशृंगीच्या सालीच्या काढ्यात गूळ, पिंपळी व मिरे घालण्यास सांगितले आहे. त्याच प्रकरणात पानगृहे कशी असावीत तेही दिले आहे. तेथे बसण्याची व निजण्याची सोय, सुगंध, फुलांच्या माळा आणि पाणी असावे, आणि ती जागा ऋतूला सुखकर असावी. हे वाचल्यावर, पिंपळी आणि मिऱ्याच्या देशात जायफळ-मेथीची बीअर ही विलायती नक्कल आहे असे कोणी म्हणेल, तर मला ते मान्य करवणार नाही.

अशा बीअरसाठी लागणाऱ्या भोपळ्याचा प्रश्न होसकोट्याच्या प्रदेशात कठीण नाही. बंगळूरच्या पश्चिमोत्तर बाजूस हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेने विकसित केलेला अर्का चंदन हा वाण दोन-तीन किलोंचे, गडद नारिंगी गराचे, गोड फळ देतो. बीअरसाठी मोठ्या, पाणचट फळापेक्षा असे लहान आणि घट्ट गराचे फळच घ्यावे. अमेरिकेत ही बीअर ऋतूची बांधील, कारण तेथे भोपळा शरदात निघतो. आपल्याकडे पिकलेला भोपळा बाजारात बाराही महिने मिळतो, आणि घराच्या माळ्यावर महिनोन्महिने टिकतो.

माझी मनापासून इच्छा अशी, की हा प्रयोग महाराष्ट्रातही व्हावा. पुण्यात २००९ मध्ये डूलालीने आपल्याच टाक्यांतील ताजी बीअर पाजण्यास सुरुवात केल्यापासून तेथे या कलेचे जाणते हात तयार झाले आहेत. आणि मसाल्यासाठी तर त्यांना बंगळूरपर्यंत जाण्याचीही गरज नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने जायफळाचे कोकण सुगंधा आणि कोकण स्वाद, तसेच दालचिनीचा कोकण तेज असे वाण दिले आहेत, आणि नारळी-पोफळीच्या बागांतून आंतरपीक म्हणून जायफळ आज कोकणात चांगले येते. ज्या जायफळाने आपले घारगे सुगंधी होतात, तेच बीअरला चालेल. फक्त ते ताजे किसून उकळीच्या शेवटच्या पाच मिनिटांतच टाकावे. आरंभी टाकल्यास त्याचे तेल वाफेबरोबर निघून जाते आणि मागे केवळ लाकडी तुरटपणा उरतो. मेथीचे दाणे मात्र आधी मंद आचेवर कोरडे भाजून, एका कापडी पुरचुंडीत बांधून आंबवणे संपल्यानंतर टाकीत सोडावेत, आणि रोज थोडी चव घेऊन हवा तेवढा वास उतरताच पुरचुंडी काढून घ्यावी.