यूपीएस ऐनवेळी बंद का पडतो?

वीजपुरवठा खंडित झाल्यावर संगणकाला काही मिनिटे वीज पुरवणारा यूपीएस नेमका त्याच क्षणी बंद पडू लागला, तर दोष बहुधा बॅटरीत असतो. घरगुती यूपीएसमध्ये सामान्यतः १२ व्होल्टची बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरी असते; पूर्ण चार्ज झाल्यावर मल्टिमीटरवर ती सुमारे १२.८ व्होल्ट दाखवते, मात्र भार, म्हणजे जोडलेली उपकरणे, चालवताना हा आकडा काही सेकंदांतच १०.५ च्या खाली घसरला, तर ती निकामी झाली असे समजावे. अशा बॅटरीचे आयुष्य साधारण ३ ते ५ वर्षे असते आणि उष्णतेने ते झपाट्याने घटते. बॅटरी नवी असूनही यूपीएसची इशाऱ्याची बीप थांबत नसेल, तर अतिभार तपासावा : उदाहरणार्थ, ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) ही यूपीएसची आभासी क्षमता असून प्रत्यक्ष वापरता येणारी शक्ती अनेकदा ३६० वॅटच असते, त्यामुळे तापताना मोठा विद्युतप्रवाह ओढणारा लेझर प्रिंटर त्यावर जोडू नये. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज न करता बदलावी आणि जुनी बॅटरी कचऱ्यात न टाकता विक्रेत्याकडे द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.