गोधडीची पाठ

परगावी गेल्यावर आम्हा उभयतांचा एक करार असतो. सकाळ सौभाग्यवतीच्या सुईदोऱ्याला, दुपार माझ्या चित्रांना, आणि संध्याकाळी दोघांनी पाय नेतील तिकडे भटकायचे. बडोद्याहून अहमदाबादचे कॅलिको संग्रहालय पाहायला प्रथम गेलो तेव्हापासूनचा हा करार चाळीस वर्षांनंतरही अबाधित आहे. २०२५ च्या एप्रिलात अमेरिकेत सेंट लुईसला लेकीकडे होतो. तेथून मोटारीने तीन तासांवरच्या पडूका या गावी आम्ही याच करारान्वये तीन दिवस राहून आलो.

पडूका हे केंटकी राज्यात, ओहायो आणि टेनेसी या नद्यांच्या संगमावर वसलेले आहे. वस्ती सुमारे २७,०००. आपल्याकडचे एखादे तालुक्याचे गावच म्हणा ना! परंतु एप्रिलात येथे गोधड्यांची मोठी जत्रा भरते आणि देशोदेशीच्या शिवणाऱ्या बायका गावात मावेनाशा होतात. याला कारण एक दांपत्यच. बिल आणि मेरेडिथ श्रोडर यांनी १९८४ साली गोधडी शिवणाऱ्यांची संस्था काढली आणि १९९१ साली संग्रहालय उघडले. आज ते राष्ट्रीय गोधडी संग्रहालय म्हणून ओळखले जाते.

खरे सांगायचे तर मी कुरकुरतच आत शिरलो. पांघरूण ते पांघरूण, त्याचे कसले संग्रहालय? परंतु तेथील संग्रहात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांची सूर्यग्रहणावरची गोधडी आहे. तिचे रंग पाहून माझ्यासारखा चित्रवेडा माणूस गप्पच झाला. १९८९ साली तिला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, तेव्हा यंत्रावर टाचलेल्या कामाला तो मान प्रथमच मिळत होता. तोवर तो हाताच्या टाक्यालाच मिळत आलेला. रीत मात्र आपल्या ओळखीचीच: वर तुकड्यांचा थर, खाली अस्तर आणि सगळ्यांना धरून ठेवणारा धावदोरा. त्यांच्याकडे मध्ये बहुधा कापूस असतो, आपल्याकडे जुनी लुगडी.

जत्रेत गोधडीला हात लावण्याची सक्त मनाई. परंतु पांढरे हातमोजे घातलेल्या बायका जागोजाग उभ्या असतात. विनंती केली की त्या हलकेच कड उलटून पाठ दाखवितात. आमच्या सौ.ने त्यांना अगदी भंडावून सोडले. मी नक्षी पाहतो आहे, आणि ही आपली पाठीमागे!

"अहो, पुढून नक्षी कळते, मागून बाई कळते," ती म्हणाली.

कित्येकींच्या पाठीवर, कोपऱ्यात, कापडाची एक चिठ्ठी शिवलेली होती. तीवर नाव, गाव, साल. एका चिठ्ठीपाशी ती बराच वेळ थांबली, आणि मग दुपारपर्यंत फारसे बोललीच नाही.

दुपार माझी होती. संग्रहालयापासून थोड्याच अंतरावर नदीकाठी पूर अडविणारी उंच भिंत आहे. १९३७ च्या महापुरात गावातल्या जवळजवळ २७,००० माणसांना घरेदारे सोडावी लागली. त्यानंतर ही भिंत उभी राहिली. पुढे गावच भिंतीआड गेले. तेव्हा १९९६ पासून रॉबर्ट डॅफर्ड या चित्रकाराने त्याच भिंतीवर गावाचा इतिहास चितारायला घेतला. वाफेची जहाजे, बाजार, जुने रस्ते, आणि तो पूरदेखील. जे बुडाले तेच त्यांनी रंगवून ठेवले आहे.

पुराच्या चित्रासमोर सौ. बोलली, "आपण मात्र टाकून दिल्या."

वाचकहो, २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचे पाणी आमच्या तळमजल्यात गुडघाभर चढले होते. माझ्या आईने शिवलेल्या तीन गोधड्या ट्रंकेत होत्या. चिखलाने माखल्या, वास येऊ लागला. धुऊन पाहू, असे सौ. म्हणत होती. मीच घाईने दोन कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. तिसरी तिने माझ्या हातून ओढून घेतली. त्या वेळी पाण्यात भिजलेल्या माझ्या चित्रांच्या पुस्तकांचे पान न् पान मी पंख्याखाली वाळवीत बसलो होतो, हेही येथे कबूल केले पाहिजे.

त्या संध्याकाळी आम्ही लोअर टाउन भागात भटकलो. २००० सालापासून नगरपालिकेने तेथली पडकी घरे चित्रकारांना नाममात्र किमतीत देऊन वसविली. खिडक्यांतून रंगाचे फलक दिसत होते. मी नेहमीसारखा रेंगाळलो नाही. घरी परतायची घाई, आश्चर्य म्हणजे, मलाच झाली होती.

बडोद्यास आल्यावर ती गोधडी उलटी करून आम्ही पलंगावर पसरली. कोठेही नाव नाही. आईला सही करण्याची सवय कोठून असणार! साल कसे ठरवावे? सौ.ने तुकड्यांवरून बोट फिरवीत एक निळा, पांढऱ्या रेघांचा तुकडा दाखविला. तो माझ्या शाळेतल्या पहिल्या सदऱ्याचा. म्हणजे १९५६ नंतरची खास.

आता पाठीवर, डाव्या कोपऱ्यात, सौ.च्या टाक्याने आईचे नाव आहे. खाली गाव बडोदे. टाका किंचित वाकडा आहे, कारण शेवटची दोन अक्षरे मी घातली.