खोका जुना, जीव नवा!

घरातला जुना डेस्कटॉप मोडीत काढायचा, की थोडक्या पैशांत पुन्हा उभा करायचा? दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं. पण खरेदीला निघण्याआधी अर्धा तास घरीच घालवला, तर महिन्याच्या पगाराचा मोठा हिस्सा वाचू शकतो.

कॉम्प्युटरचा सुटा भाग हवा असला की मुंबईकर लॅमिंग्टन रोड गाठतो, दिल्लीकर नेहरू प्लेस. चंदिगड, मोहाली आणि पंचकुला या जुळ्या नव्हे, तिळ्या शहरांतला माणूस मात्र सेक्टर २०च्या कॉम्प्युटर मार्केटकडे वळतो. नोकरीनिमित्त तिकडे बदलून गेलेली मराठी कुटुंबंही त्याला अपवाद नाहीत. लष्कर, बँक, पीजीआयचं इस्पितळ, नाहीतर मुलाचं शिक्षण. कारण कोणतंही असो, घरच्या सामानाबरोबर पुण्याहून किंवा नागपूरहून ट्रकमधून आलेला डेस्कटॉप एक दिवस रुसतोच.

मग बाजारात पहिलं वाक्य कानावर पडतं, ‘हा आता जुना झाला, नवाच घ्या!’ सल्ला कधी खरा असतो, कधी केवळ धंद्याचा. यातला फरक ओळखायचा कसा?

दोन बाजूंनी कोंडी

हा प्रश्न अनेक घरांत एकाच वेळी उभा राहिला, त्यामागे एक तारीख आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० या प्रणालीची नेहमीची देखभाल थांबवली. संगणक त्या दिवशी बंद पडला नाही, पडणारही नव्हता. पण सुरक्षेची नवी ठिगळं मिळणं थांबलं. ज्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार होतात, तिथे ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही. घरगुती ग्राहकांना नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत देण्यात आली, इतकंच.

विंडोज ११ घ्यावं, तर तिच्या अटी कडक. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षा व्यवस्था हवी. इंटेलची आठवी पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. म्हणजे त्याआधीची बहुतेक यंत्रं अधिकृतपणे बाद.

दुसरा फटका मेमरीचा. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर प्रचंड डेटा सेंटर उभी राहू लागली आणि मेमरीच्या चिप तिकडे वळल्या. २०२५च्या उत्तरार्धात रॅमचे भाव भराभर चढले. जगातली बहुतांश रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. त्यातल्या मायक्रॉननं डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रूशियल’ हा घरगुती ग्राहकांसाठीचा आपला ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अमेरिकेत झालेल्या निर्णयाची झळ अशी थेट सेक्टर २०च्या काउंटरपर्यंत पोहोचते.

उघडता येतो म्हणूनच टिकतो

टीव्ही किंवा मोबाईल घरी उघडायचं धाडस कुणी करत नाही. डेस्कटॉप मात्र चार स्क्रू काढले की समोर खुला होतो. ही देणगी १९८१ सालची. त्या वर्षी आयबीएमनं आपला पहिला पीसी घाईनं बाजारात आणला. वेळ वाचवण्यासाठी सारे भाग स्वतः न बनवता बाजारात मिळणारेच वापरले. त्यामुळे इतर कंपन्यांनाही तसाच संगणक जुळवता आला. पुढे १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स हे माप ठरवलं आणि एकाचा मदरबोर्ड दुसऱ्याच्या कॅबिनेटमध्ये बसू लागला. आज तीस वर्षांनंतरही ते माप चालतं.

भारतात १९८४च्या संगणक धोरणानं दार किलकिलं झालं. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञानविषयक जागतिक करारात सामील झाला आणि सुट्या भागांवरची जकात टप्प्याटप्प्यानं उतरत गेली. ‘असेंबल्ड’ हा शब्द घराघरांत पोहोचला तो याच काळात.

चंदिगडच्या शेजारी, मोहालीत, या गोष्टीचा आणखी एक धागा आहे. तिथल्या सरकारी सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८०च्या दशकात चिप बनत. ब्रिटनमधल्या शाळांत गाजलेला बीबीसी मायक्रो हा संगणक इथेच ‘युनिकॉर्न’ या नावानं तयार झाला. ७ फेब्रुवारी १९८९च्या आगीत हा कारखाना होरपळला. आज तीच संस्था सेमीकंडक्टर लॅबोरेटरी म्हणून काम करते. प्रक्षेपक यानांसाठीचा ‘विक्रम’ हा ३२ बिटचा प्रोसेसर तिथे तयार झाला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीत पंतप्रधानांना भेट देण्यात आला. घरच्या डेस्कटॉपमध्ये मात्र तो बसणार नाही. तिथे अजून परदेशी चिपच लागते.

आधी निदान, मग औषध

ताप आला की डॉक्टर आधी नाडी बघतो. संगणकाची नाडी घरीच बघता येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. रोजचं काम चालू ठेवून तिथले आकडे पाहावेत.

डिस्कचा आकडा सतत शंभर टक्क्यांवर असेल, तर दोष बहुधा जुन्या हार्ड डिस्कचा. मेमरी नव्वदीच्या पुढे असेल, तर रॅम अपुरी. प्रोसेसर साध्या कामातही शंभरावर चिकटून बसत असेल, तरच त्याची वेळ भरली असं समजावं. अनेकदा प्रोसेसर निवांत असतो आणि बिचारा बदनाम होतो.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपाय म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, सुई माहिती शोधत हिंडते. एसएसडीत हलणारा भागच नाही. साधी साटा पद्धतीची एसएसडीसुद्धा सेकंदाला ५०० एमबीहून अधिक वेगानं माहिती वाचते. घरगुती हार्ड डिस्क दीडशे-दोनशेच्या आसपास दमते आणि विखुरलेल्या छोट्या फायली शोधताना तर फारच मागे पडते. जुन्या बोर्डावर लांबट पट्टीसारखी एनव्हीएमई एसएसडी बसेलच असं नाही. तिथे अडीच इंची साटा एसएसडी बिनधोक.

नंतर रॅम. इथे हमखास फसगत होते. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या तिन्हींची खाच वेगळ्या जागी असते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. साध्या घरगुती कामाला ८ जीबी पुरते, १६ जीबी असली तर निश्चिंती. मात्र विंडोज ३२ बिटची असेल, तर ४ जीबीपलीकडची रॅम तिला वापरताच येत नाही. महाग रॅम घेऊन ती नुसती शोभेला बसवण्यात काय हशील?

नावात फसू नका

प्रोसेसर बदलायची वेळ आली, तर नावांचं जंगल लागतं. इंटेलच्या सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीच्या प्रोसेसरच्या बैठकीचं नाव एकच, एलजीए ११५१. पण सातव्या पिढीच्या बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही! बैठक जुळली म्हणजे संसार जुळला, असं नव्हे.

एएमडीची एएम४ ही बैठक २०१६ मध्ये आली आणि तिच्यासाठी कित्येक वर्षं नवे प्रोसेसर येत राहिले. त्यामुळे २०१८-१९ मध्ये रायझन घेतलेल्या घराला अनेकदा बोर्ड आणि रॅम तीच ठेवून फक्त प्रोसेसर बदलता येतो. त्याआधी बोर्डाचं बायॉस अद्ययावत करावं लागतं, एवढंच. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ बैठकीला मात्र डीडीआर५ रॅमच लागते. रॅम महाग असताना हा खर्च हिशेबात धरायलाच हवा.

आणखी एक खाच. इंटेलच्या नावापुढे ‘एफ’ असेल, तर त्यात चित्र दाखवण्याची सोय नसते. १२१००एफ हा १२१०० पेक्षा स्वस्त मिळतो, पण वेगळं ग्राफिक कार्ड नसेल तर पडदा काळाच राहतो. एएमडीच्या रायझन ५६०० आणि ५६००जी यांतही हाच फरक आहे.

पैसे वाचवू नयेत अशी जागा एकच, एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा. लोकल डब्यावर ४५० वॉट छापलेलं असतं, पण छापणाऱ्याला कोण विचारतो? ८० प्लस हे प्रमाणपत्र असलेला डबा ठरावीक भारांवर किमान ८० टक्के कार्यक्षम असतो. आतल्या भागांना ३०० वॉट लागले, तर ८० टक्के कार्यक्षम डबा भिंतीतून ३७५ वॉट ओढतो, उरलेली ऊष्णता. चंदिगडच्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात ही ऊष्णता आणि पंख्यात अडकलेली धूळ मिळून यंत्राचा जीव घेतात. हलका डबा जळतो तेव्हा कधी कधी बोर्डही सोबत नेतो.

तीन घरं, तीन हिशेब

समजा, पहिल्या घरात २०१४ सालचा चौथ्या पिढीचा आय३ आहे. वापर आजोबांचा, बातम्या आणि नातवाशी व्हिडिओवर गप्पा. इथे बोर्ड बदलण्यात अर्थ नाही. एक छोटी एसएसडी, रॅम ८ जीबी आणि विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबंटू. या प्रणाली फुकट आहेत, मराठीतही चालतात. आजोबांना ब्राउझर उघडला की झालं.

दुसऱ्या घरात २०१९ सालचा आठव्या-नवव्या पिढीचा संगणक आहे आणि ‘विंडोज ११ चालत नाही’ असा निरोप येतो. इथे पाकीट काढण्याआधी बायॉसमध्ये जावं. टीपीएमची सोय प्रोसेसरमध्येच असते, फक्त बंद ठेवलेली असते. इंटेलमध्ये ती पीटीटी, तर एएमडीमध्ये एफटीपीएम या नावानं आढळते. ती चालू केली की बिनपैशांत काम होऊ शकतं. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत साधन यंत्र पात्र आहे का ते सांगतं.

तिसरं घर अवघड. मुलगी १९६१ पासून चालू असलेल्या चंदिगड कॉलेज ऑफ आर्किटेक्चरसारख्या संस्थेत शिकते. इमारतींची त्रिमिती चित्रं तयार करायची, तर यंत्र सशक्तच हवं. इथे बोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक कार्ड नवं लागेल. पण कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड, माउस, जुनी हार्ड डिस्क हे सारं तसंच राहू शकतं. सुरुवातीला आतलं चित्र दाखवणारा प्रोसेसर आणि चांगला एसएमपीएस घ्यावा, ग्राफिक कार्ड पुढच्या सत्रात. जुनं कार्ड स्वस्त मिळतं म्हणून हुरळू नये. २०२२च्या सप्टेंबरमध्ये इथेरियम या आभासी चलनाचं खाणकाम थांबलं, तेव्हा रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डं जुन्या बाजारात आली.

आणि जर जुना संगणक कंपनीचा तयार, छोट्या खोक्याचा असेल तर सावध! अशा अनेक यंत्रांत बोर्ड आणि वीजजोडणी त्या कंपनीच्याच मापाची असते. तिथे एसएसडी आणि रॅम याखेरीज फार काही बदलता येत नाही.

बिल म्हणजे वॉरंटी

‘बिल नको असेल तर कमी लावतो’ हे वाक्य प्रत्येक बाजारात ऐकू येतं. सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. चंदिगड केंद्रशासित असल्यानं बिलावर एसजीएसटीच्या जागी यूटीजीएसटी दिसेल, त्यानं गोंधळू नये. कर वाचवण्याचा मोह होतो, पण भाग बिघडल्यावर खरेदीचा पुरावा कुठून आणणार? बिलावर प्रत्येक भागाचं मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्यावा. तक्रार असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.

काढलेली जुनी हार्ड डिस्क भंगारात देऊ नये. तिच्यात लग्नाचे फोटो असतात, तसेच पॅन आणि आधारचे कागदही असतात. ती बाहेरच्या खोक्यात घालून फोटोंची दुसरी प्रत ठेवायला वापरावी. बाकीचे निकामी भाग रद्दीवाल्याकडे न देता नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्यावेत. १ एप्रिल २०२३ पासून त्यासाठी नवे नियमही लागू आहेत.

दुकानात जाताना सोबत न्या

• मदरबोर्डचं नाव आणि मॉडेल (बोर्डावरच छापलेलं असतं, मोबाईलवर फोटो काढावा)

• रॅमचा प्रकार आणि मोकळ्या खाचांची संख्या

• एसएमपीएसवरच्या लेबलचा फोटो

• कॅबिनेटची आतली लांबी, ग्राफिक कार्ड घ्यायचं असेल तर

• यूपीएसची क्षमता. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे, साधारण ३६० वॉट

• सर्व फायलींची एक प्रत, काम सुरू होण्याआधी

• आणि कागदावर लिहिलेला आकडा: यापुढे एक रुपयाही नाही!

शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. बाजारात प्रत्येक भागाचा आणखी थोडा चांगला भाऊ शेजारीच ठेवलेला असतो, पाचशे-हजार रुपयांनी महाग. असे चार भाऊ भेटले की बजेट कोलमडतं. गरज कोणाची आणि किती, हे घरातून ठरवून निघालेल्या माणसाला ‘नवाच घ्या’ म्हणणारा दुकानदारही मग मुकाट्यानं हवा तोच भाग काढून देतो.