संचालक मंडळाची देखरेख आणि कर्जाची किंमत

कंपनी उत्तम चालली तर वाढत्या नफ्याचा लाभ भागधारकांना मिळतो. कर्ज देणाऱ्याला मात्र ठरलेल्या व्याजापलीकडे काहीच मिळत नाही; कंपनी बुडाली तर त्याचे मुद्दलही धोक्यात येते. म्हणूनच कंपनीचा कारभार कोण पाहतो आणि ती देत असलेली माहिती कितपत खरी आहे, हे प्रश्न धनकोच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरतात.

कर्जाच्या व्याजदराचे ढोबळमानाने दोन घटक असतात. शासकीय रोख्यांवरील व्याजदर हा आधार आणि त्यावर आकारले जाणारे जोखीम अधिमूल्य हा दुसरा घटक. व्यवसायातील अनिश्चिततेबरोबरच अपुऱ्या माहितीमुळेही हे अधिमूल्य वाढते. १,००० कोटी रुपयांच्या कर्जावर ५० आधारबिंदू, म्हणजे अर्धा टक्का, अधिक व्याज पडल्यास कंपनीवर दरवर्षी ५ कोटी रुपयांचा जादा भार येतो.

ही माहितीची दरी कमी करण्यासाठी कंपनी कायदा, २०१३ मध्ये काही तरतुदी आहेत. कलम १४९ नुसार सूचिबद्ध सार्वजनिक कंपनीत किमान एकतृतीयांश संचालक स्वतंत्र असावे लागतात. कलम १७७ नुसार लेखापरीक्षण समितीत स्वतंत्र संचालकांचे बहुमत आवश्यक आहे. कलम १३५ मध्ये ठरावीक आकाराच्या कंपन्यांसाठी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करण्याची तरतूद आहे. शिवाय बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना सेबीने २०२२-२३ पासून 'व्यवसाय दायित्व व शाश्वतता अहवाल' बंधनकारक केला.

येथे खर्च आणि अहवाल यांतील फरक लक्षात घ्यावा. शाळेला दिलेल्या देणगीमुळे कर्जफेडीची क्षमता वाढत नाही. परंतु प्रदूषण, पाणीवापर, कामगारांचे अपघात यांविषयीची विश्वसनीय आकडेवारी उद्याचे दंड, खटले आणि कारखानाबंदी यांची पूर्वसूचना देते. मात्र अशा अहवालाचे मोल त्यामागील देखरेखीवर अवलंबून असते. सप्टेंबर २००८ मध्ये सत्यम कॉम्प्युटर्सला उत्तम कंपनी कारभाराचा पुरस्कार मिळाला आणि जानेवारी २००९ मध्ये तिच्या हिशेबांतील घोटाळा उघड झाला.

आयएल अँड एफएस समूहाचे उदाहरण याहून बोलके आहे. तीनशेहून अधिक उपकंपन्या आणि सुमारे ९० हजार कोटी रुपयांचे कर्ज असलेल्या या समूहाच्या मुख्य कंपनीचे पतमानांकन जुलै २०१८ मध्ये सर्वोच्च, 'एएए' होते. सप्टेंबरमध्ये ते थकबाकीदर्शक 'डी' झाले. २०१५ ते २०१८ या काळात तिच्या जोखीम व्यवस्थापन समितीची अवघी एक बैठक झाल्याचे पुढे उघड झाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र शासनाच्या अर्जावरून राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने जुने संचालक मंडळ निलंबित करून नवे नेमण्यास मंजुरी दिली. समिती कागदावर होती, देखरेख नव्हती.

त्याची किंमत इतरांनीही मोजली. बाजारातील विश्वास डळमळला, बिगर बँकिंग वित्तीय कंपन्यांच्या रोख्यांवरील व्याजदर चढले आणि सचोटीने चालणाऱ्या कंपन्यांनाही कर्ज महाग पडले. समूहाच्या रोख्यांत कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीचे पैसेही गुंतले होते. संचालक मंडळाच्या जागरूकतेवर कर्जाच्या दराबरोबरच असंख्य पगारदारांच्या म्हातारपणाची शिदोरीही अवलंबून असते.