पिकअपची निगा – भाग ७ : घाटात ब्रेक ऑइल उकळतं तेव्हा

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे २० किलोचे ७० क्रेट भरले की पिकअपच्या हौद्यात १,४०० किलो माल होतो. गाडीचं स्वतःचं वजन धरलं की आकडा तीन टनांच्या आसपास जातो. ही गाडी ओतूरवरून माळशेज उतरते आणि मुरबाडमार्गे कल्याण गाठते. घाटाचा उतार ५०० मीटरचा धरला, तर एवढं वजन खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते तिच्यावर ५० लिटर पाणी उकळेल. त्यातली काही वाऱ्यात आणि टायरांत जिरते. उरलेली इंजिनाने पेलायची की ब्रेकने, हे ड्रायव्हरच्या हातात असतं. त्याने डिझेल वाचवायला न्यूट्रल मारलं, की सगळा भार चार चाकांतल्या डिस्क आणि ड्रमवर पडतो.

घाटात ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतात आणि त्यांतला फरक पायाला कळतो. लायनर आणि पॅड अति तापले की त्यांची पकड सुटते. पॅडल कडक लागतं, जळकट वास येतो, पण गाडी आवरत नाही. दुसऱ्या प्रकारात पॅडलच मऊ पडतं आणि दाबता दाबता तळाला टेकतं. ते ब्रेक ऑइल उकळल्याचं लक्षण. पहिल्या प्रकारात निदान वास तरी आधी येतो. दुसऱ्यात बहुतेक वेळा कसलीच सूचना मिळत नाही.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. टाकीच्या झाकणातून, रबरी होजच्या भिंतींतून पाणी हळूहळू आत शिरतं. कोकणात सतत फेऱ्या करणाऱ्या गाडीत तर जास्तच. नवीन डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळलं की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. घाटात तापलेल्या चाकाजवळच्या ऑइलला १४० अंश गाठणं अवघड नाही. उकळलं की त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली की आकसते. पायाचा सगळा जोर तिथेच संपतो, चाकापर्यंत काही पोहोचत नाही.

यातली खरी फसवणूक पुढे आहे. ड्रायव्हर कशीबशी गाडी कडेला घेतो, अर्धा-पाऊण तास थांबतो. ऑइल निवतं, वाफ विरते, पॅडल पुन्हा वर येतं. दुसऱ्या दिवशी गॅरेजात मेकॅनिक टाकी बघतो, ऑइल खुणेपर्यंत भरलेलं असतं, कुठे गळती नसते, मैदानात ब्रेक कचकन लागतो. ‘काही नाही झालं, चालवा’ म्हणून गाडी परत येते आणि तेच ऑइल घेऊन पुन्हा घाटात जाते. पातळी बरोबर असली म्हणजे ऑइल चांगलं आहे, हा समज मला फार घातक वाटतो.

उपाय साधा आहे. दर दोन वर्षांनी, आणि कंपनीच्या पुस्तकात त्याआधी सांगितलं असेल तर तेव्हा, सगळं ऑइल बदलायचं. वरून भर घालून भागत नाही. गॅरेजातलं पोरगं सीटवर बसतं, मेकॅनिक चाकामागे. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडवलेलं. ‘दाब... दाब... धरून ठेव’, निपल ढिलं होतं, काळपट ऑइल बुडबुड्यांसकट बाहेर येतं, निपल पुन्हा आवळलं की मगच ‘सोड’. सहसा सर्वांत लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करतात. नळीतून स्वच्छ, बुडबुडे नसलेलं ऑइल येईपर्यंत तिथेच उभे राहा आणि स्वतः बघा. वरची टाकी मधेच रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर हवा शिरते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. महिनोन्‌महिने उघड्या पडलेल्या डब्यातलं ऑइल घेऊ नका, त्याने आधीच पाणी ओढलेलं असतं. आणि या टाकीत इंजिन ऑइलचा थेंबही जाता कामा नये. त्याने आतली रबरं फुगतात.

मागच्या आठवड्यात आपण सस्पेन्शनच्या पाट्यांबद्दल बोललो. जादा माल पेलायला ज्यांनी जास्तीचा पाटा चढवून घेतला आहे, त्यांनी पुढचं नीट वाचावं. बऱ्याच पिकअपांत मागच्या ॲक्सलजवळ एलएसपीव्ही नावाचा व्हॉल्व्ह असतो. चासी आणि ॲक्सल यांच्यातलं अंतर तो एका दांडीने मोजतो. माल भरला की चासी दबते, आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकना जास्त दाब सोडतो. जादा पाट्याने गाडी मागून उचललेलीच राहते. हौद्यात दीड टन माल असूनही व्हॉल्व्हच्या हिशेबी गाडी रिकामी असते, मागचे ब्रेक अर्धवट काम करतात आणि पुढचे तापत जातात. पाटा वाढवला असेल तर दांडीचं सेटिंग जाणकाराकडून तपासून घ्या. माझं मत विचाराल तर पाटा काढा आणि माल पासिंगच्या वजनाइतकाच भरा.

चावी बंद करून घाट उतरणाऱ्यांसाठी एवढंच : ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम इंजिन चालू असेल तरच मिळत राहतो. इंजिन बंद झालं की साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीनदा ब्रेक लागतो, त्यानंतर पॅडल दगडासारखं होतं. चढताना जो गिअर लागतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.

पासिंगच्या वेळी ब्रेक थंड असतात, त्यामुळे जुनं ऑइल तिथे पकडलं जात नाही. तेव्हा पासिंग झालं म्हणून निर्धास्त राहू नका. ऑइल कधी बदललं ती तारीख बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा, आणि तारीख आठवत नसेल तर पुढचा घाट उतरण्याआधी ते बदलून घ्या.