बिबट्या नसलेला एपिसोड

पहाटे 4.30. वरळीच्या दूरदर्शन केंद्राच्या फाटकातून गाडी निघते, तेव्हा ड्रायव्हरमामा सोडले तर सगळे अर्धवट झोपेत. मागे ट्रायपॉड, दिव्यांच्या पेट्या, केबलची भेंडोळी. आम्ही मोजकेच: कॅमेरामन, साउंडवाला, लाइटवाला पोरगा, सूत्रसंचालिका आणि निर्माती म्हणून मी. विषय जुन्नर तालुक्यातला बिबट्या. ‘परत बिबट्याच?’ असं मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालंच होतं. म्हणणाऱ्याचं फार चुकत नव्हतं. बातम्यांच्या चॅनेलांनी पिंजरा, डरकाळी आणि सीसीटीव्हीतली धूसर आकृती इतकी दाखवलीय, की त्यात आपण आणखी काय भर घालणार!

6.00. मुरबाडला चहा. माळशेज चढताना सूत्रसंचालिकेला पार्श्वभूमी सांगते. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही कुकडी प्रकल्पाची धरणं. त्यांचं पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला. आडसाली ऊस पंधरा ते अठरा महिने शेतात उभा असतो. बिबट्याच्या मादीला विण्यासाठी एवढी आडोशाची, थंड आणि पाण्याजवळची जागा जंगलात तरी कुठे मिळायची? इथल्या कितीतरी बिबट्यांचा जन्मच उसातला आहे. ‘जंगल सोडून गावात आला’ हे वाक्य त्यांना लागूच पडत नाही. ते स्क्रिप्टमधून मी कालच खोडलंय.

8.30. ओतूरच्या अलीकडे तोड चालू असलेला फड. मराठवाड्यातून आलेली टोळी, नवरा-बायकोच्या जोड्या, इकडच्या भाषेत ‘कोयते’. फडात बछडी सापडली तर तोड थांबवायची आणि वनखात्याला कळवायचं, हे मुकादमाला आता सांगावं लागत नाही. वनखात्याची माणसं येतात, पिल्लं तपासतात आणि संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवून कॅमेरा लावतात. रात्री मादी येते, एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. आई बिथरू नये म्हणून हा खटाटोप.

उसाच्या मोळ्या बांधणारी एक बाई बोलायला तयार होते. कमरेला ओढणी घट्ट बांधलेली, हातांवर पाचटाचे ओरखडे. पलीकडे बैलगाडीच्या सावलीत तिची तीन-चार वर्षांची पोर. ‘लेकराला कोपीवर ठिवून कसं यावं? फडात आणावं तर हितं बी तेच,’ एवढं बोलून ती थांबते, पोरीकडे बघते, मोळी बांधू लागते. कॅमेरा चालूच. बऱ्याच वेळाने ती आपणहून पुन्हा बोलते, उचलीबद्दल, अंधारात टॉयलेटला जाण्याबद्दल. बातमीच्या बाइटमध्ये पहिली दोन वाक्यं बसली असती, बाकीचं गेलं असतं. सरकारी वाहिनीला लोक संथ म्हणून हसतात. या संथपणाचा मला तरी अभिमान आहे.

12.30. एका शेतकऱ्याच्या घरी पिठलं-भाकरी आणि ठेचा. गोठ्याला चारही बाजूंनी आणि वरूनसुद्धा जाळी. दोन शॉट, पुढे.

3.00. दिवसाचा खरा ऐवज इथे. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात गावसभेसारखी बैठक. आमचा नियम असा, की साहेबांना खुर्च्या नाहीत. सगळे एका सतरंजीवर. दुसरा नियम, माइक आधी मागच्या रांगेतल्या बायकांकडे. पुढच्या रांगेत गेला की तो परत येत नाही, हे कुठल्याही गावात खरं.

सुरुवात अपेक्षेप्रमाणे. ‘धरा आणि लांब नेऊन सोडा.’ वनखात्याचे साहेब शांतपणे सांगतात की तेही करून झालंय. 2001 पासून जुन्नर भागात बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडले, आणि हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात हे नोंदलेलं आहे. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, आणि रिकामी झालेली जागा दुसरं येऊन बळकावतं. साहेबांचं म्हणणं बरोबर आहे, पण ज्याच्या घरात माणूस गेलंय त्याच्यासमोर ते बोलणं सोपं नसतं. भरपाईचा विषय निघतो. मृत्यूला शासन 25 लाख देतं, हे गावाला पाठ आहे. शेळी मेली तर पंचनाम्याआधी ती जागेवरून हलवायची नाही, हे मात्र निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. कार्यक्रमाचा उपयोग झाला तर इथे होतो.

मग मागून एक काका उठतात. माइक हातात न घेताच बोलतात. ‘साहेब, बिबट्या ऱ्हाऊ द्या. लाइट दिवसा द्या.’

मंडपात एकदम गलका. साउंडवाला हेडफोन काढून माझ्याकडे बघतो. काकांचं म्हणणं सरळ आहे. शेतीपंपाची वीज पाळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी वळवायला, अंधारात उसात जावंच लागतं. आणि दारं धरताना माणूस वाकलेला असतो. वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला नेहमीच्या सावजाएवढाच दिसतो.

वीजवाले साहेब फीडर, सौर कृषी वाहिनी, 2017 ची योजना आणि 2023 चा तिचा दुसरा टप्पा, सगळं नीट समजावून सांगतात. सूत्रसंचालिका विचारते, ‘या गावाला कधी?’ साहेब जरा थांबतात, मग सांगतात की जागेचं काम झालं की पुढचं वेगात होईल. ते थांबणं एडिटमध्ये ठेवणार आहे. त्यांना उघडं पाडायला नव्हे. उत्तराचाच तो भाग आहे.

अधिकाऱ्याला गावासमोर बसवून पडद्यावर उत्तर द्यायला लावणं ही काही आमची अक्कल नव्हे. 1975 मध्ये गुजरातेत खेडा जिल्ह्यात, पीज गावच्या छोट्या ट्रान्समीटरवरून इस्रोच्या लोकांनी असे कार्यक्रम केले होते. दूध संस्थेच्या आवारात सार्वजनिक टीव्ही, समोर गाव, आणि पडद्यावर त्याच गावाचे प्रश्न. पुढे ते केंद्र बंद झालं, तेव्हा लोकांनी विरोध केला होता. टीव्हीचं केंद्र बंद होऊ नये म्हणून खेडूत भांडले, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

6.30. अंधार पडायच्या आत पोरं घरात. गल्ली ओस. बाहेर झोपायची इथली जुनी सवय केव्हाच मोडली.

10.00. रात्रपाळीची वीज आली. काका आणि त्यांचा पुतण्या निघतात. एकाने दारं धरायची, दुसऱ्याने बॅटरी फिरवायची. मोबाइलवर मोठ्याने भजन. लाइटवाला पोरगा पेटी उघडायला लागतो. कॅमेरामन त्याला थांबवतो. आमच्या दिव्यांनी शेत उजळलं तर काकांचा अंधार दिसणार कसा? त्यांच्या कपाळावरच्या बॅटरीच्या उजेडातच शूट करतो. चित्रात दाणा फार येतो. येऊ दे. फावड्याने मातीचा बांध फोडताना काकांचं सगळं अंग खाली, मान उसाकडे. काम संपेपर्यंत ती मान वळत राहते.

12.00. ओतूरच्या लॉजवर कार्डं दोन हार्ड डिस्कवर कॉपी. टाइमकोड लिहिताना चहा गार होतो. एपिसोड 25 मिनिटांचा. सुरुवात काकांच्या वाक्याने, शेवटी फडातली बाई. बिबट्याचा एकही शॉट मिळाला नाही आणि जुनं फुटेज मी लावणार नाही. वरचे लोक कुरकुरतील. एफपीसीत, म्हणजे प्रसारणाच्या वेळापत्रकात, वेळ ठरलेली आहे, त्यामुळे कार्यक्रम लागेल हे नक्की.

खालच्या पट्टीवर वनखात्याचा हेल्पलाइन नंबर पूर्णवेळ राहील: 1926. तुमच्या भागात बिबट्याचा वावर असेल तर तो आत्ताच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, आणि ग्रामसभेत पिंजऱ्याच्या आधी दिवसाची वीज मागा.